मायक्रोवॉटचा हिशेब

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या टोलनाक्याशी गाडीचा वेग मंदावतो, रांगेवरच्या चौकोनी अँटेनाच्या टप्प्यात पुढची काच येते आणि दांडा वर जातो. काचेला आतून चिकटवलेल्या फास्टॅगमध्ये सेल नसतो. प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ वर्खाची नक्षी असते आणि तिच्या मधोमध जेमतेम दिसणारी एक चिप. नाक्यावरच्या रीडरकडून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी येतात, नक्षी त्यांतली थोडी ऊर्जा पकडते, तेवढ्यावर चिप जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि गाडी पुढे सरकली की पुन्हा निर्जीव होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. म्हणजे रेडिओ लहरींमधून ऊर्जा वेचून चालणारं उपकरण भारतात कोट्यवधी गाड्यांवर आहे आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही.

हे पुस्तक अशा उपकरणांबद्दल आहे. ‘हवेतून वीज’ म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात, आणि तिथेच विषयाची वाट चुकते. वर्तमानपत्री मजकुरात हे तंत्रज्ञान नेहमी उद्याचं असतं. उद्या फोन आपोआप चार्ज होणार, उद्या घरातल्या वायरी जाणार. प्रत्यक्षात ते आजचं आहे, जुनंही आहे, फक्त त्याचं माप निराळं आहे. हे माप कळलं की विषय अर्धा कळला, म्हणून प्रस्तावनेत मी बराचसा आकड्यांचाच हिशेब मांडणार आहे. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी पुस्तक इथेच मिटलं तरी माझी तक्रार नाही.

टोलनाक्यावरच्या त्या व्यवहाराचाच हिशेब आधी करू. या पट्ट्यात परवान्याविना वापरायच्या उपकरणांना आपल्याकडे ४ वॉटपर्यंत विकिरित शक्तीची मुभा आहे. रीडर तेवढी शक्ती एका दिशेला सोडतो. सहा मीटरवरच्या टॅगपर्यंत, सगळं अनुकूल असेल तर, त्यातले शंभर-दीडशे मायक्रोवॉट पोचतात. चिप जागी व्हायला साधारण दहा मायक्रोवॉट लागतात, त्यामुळे काम निभावतं. तीच गाडी साठ मीटरवर असती तर अंतर दसपट आणि शक्ती शंभर पटींनी कमी. एखादा मायक्रोवॉट पोचला असता आणि टॅग गप्पच राहिला असता. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात शक्ती घटते हा नियम शाळेत शिकवतात. बेल लॅबोरेटरीजमधल्या हॅराल्ड फ्रिस यांनी १९४६ मध्ये तो अँटेनांच्या भाषेत एका ओळीच्या सूत्रात बसवला. या पुस्तकात ते सूत्र पुन्हा पुन्हा येईल, कारण या क्षेत्रातल्या निम्म्या स्वप्नांचा निकाल ते एका ओळीत लावतं.

दहा मायक्रोवॉट म्हणजे किती? घरातल्या नऊ वॉटच्या एलईडी बल्बला लागणारी शक्ती नऊ लाख टॅगांत वाटता येईल, इतकी. अगदीच नगण्य वाटते ना? पण माहितीच्या दृष्टीने हीच शक्ती अवाढव्य आहे. रेडिओचा रिसीव्हर याच्या कोट्यंश शक्तीच्या लहरीतूनही गाणं, बोलणं, छायाचित्र सगळं बाहेर काढतो. लहरीतून माहिती काढणं स्वस्त आणि ऊर्जा काढणं महाग, हा या विषयाचा पाया आहे. त्यावर थोडं थांबायला हवं.

१८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी रेडिओ लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवली आणि दारूचा स्फोट घडवला. हा प्रयोग आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण ती घंटा लहरीच्या ताकदीवर वाजली नव्हती. लहरीने संवेदकाची अवस्था तेवढी बदलली. घंटा वाजवणारा प्रवाह तिथल्याच बॅटरीचा होता. लहरीने इशारा दिला, काम बॅटरीने केलं. पुढची सव्वाशे वर्षं रेडिओ, दूरदर्शन, मोबाइल हे सगळं याच वाटेने गेलं. इशारा कितीही क्षीण असो, आपल्याकडची वीज खर्चून तो मोठा करायचा.

या वाटेचं टोक पाहायचं असेल तर नारायणगावजवळ खोडदला जावं. जीएमआरटी या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या तिथे आणि आसपासच्या परिसरात पसरल्या आहेत. आकाशातल्या एक जान्स्की (रेडिओ खगोलशास्त्रातलं तीव्रतेचं एकक) तीव्रतेच्या स्रोताकडे त्या सगळ्या रोखल्या आणि शंभर मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकला, तर तिसांत मिळून जमा होणारी शक्ती भरते साधारण तीन भागिले शंभर लाख कोटी वॉट. एक ज्यूल ऊर्जा, म्हणजे हातातलं लिंबू मीटरभर उचलायला लागते तेवढी, गोळा करायला या थाळ्यांना दहा लाख वर्षं लागतील. आणि तरीही त्याच लहरींतून खगोलशास्त्रज्ञ आकाशगंगांचे नकाशे काढतात. माहिती आणि ऊर्जा यांच्यातलं अंतर इतकं आहे. ‘फोनला सगळ्या कांड्या सिग्नल आहे, मग त्यातून चार्जिंग का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर खोडदला मिळतं.

उलट दिशेचा, लहरीच्याच ऊर्जेवर काम करवून घेण्याचा इतिहासही कमी जुना नाही. हाइनरिख हर्ट्झने १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूहे इथे पहिल्यांदा या लहरी पकडल्या तेव्हा त्याच्या तारेच्या कड्याच्या फटीत जी ठिणगी उडाली, ती निव्वळ लहरीच्या जोरावर. बॅटरी नाही, काही नाही. नंतर आला क्रिस्टल रेडिओ. गॅलिना नावाचा शिशाचा खनिज स्फटिक, त्यावर टेकवलेली बारीक तार, एक कॉइल, लांब एरियल, चांगलं अर्थिंग आणि कानाला इयरफोन. स्फटिकाचा हा एकदिश गुण कार्ल फर्डिनांड ब्राउनने १८७४ मध्येच नोंदला होता, आणि गॅलिनाच्या शोधकाचं अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळालं ते पुन्हा आपल्या बोसांनाच. दुसऱ्या महायुद्धात इटलीत आंझिओच्या आघाडीवर सैनिकांनी गॅलिनाऐवजी दाढीचं ब्लेड वापरून असे रेडिओ बनवले होते.

पुण्याच्या आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झवरचं मध्यम लहरींचं केंद्र शंभर किलोवॉटचं. हडपसरच्या बाजूला राहणाऱ्या हौशी मुलांच्या एका पिढीने तापकीर गल्लीतून जर्मेनियम डायोड आणि गँग कंडेन्सर आणून, गच्चीवर तार ताणून, नळाच्या पाइपाला अर्थिंग देऊन बिनबॅटरीचा रेडिओ ऐकला आहे. प्रक्षेपकाजवळ एवढ्या तारेत मिलिवॉटच्या घरात शक्ती मिळते, म्हणजे आपल्या टॅगच्या शंभर पट. तेव्हा रेडिओ ऐकायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे. फुकट विजेवर चालणाऱ्या संचाला ते लागू होतं का, यावर वडीलधाऱ्यांशी वाद घातलेले लोक मला भेटले आहेत. (लागू होतं. लायसन्स विजेचं नव्हतं, ऐकण्याचं होतं.)

मग तीच युक्ती आजच्या छोट्या उपकरणांना का पुरत नाही? कारण ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ३७९ मीटर. तिच्यातून ऊर्जा नीट काढायला गच्चीभर तार आणि जमिनीत रोवलेलं अर्थिंग हवं. मनगटावरच्या किंवा औषधाच्या खोक्यावरच्या उपकरणाला हे परवडत नाही. लहान अँटेना हवा तर लहान लहर हवी, आणि लहर लहान झाली की त्याच प्रकारचा अँटेना कमी क्षेत्रातली शक्ती गोळा करतो. या दोन गरजांची ओढाताण सगळ्या पुस्तकभर चालू राहील.

लहान लहरींवर मोठी शक्ती पाठवून दाखवली ती रेथिऑन कंपनीच्या विल्यम ब्राउनने. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्याने एक छोटं हेलिकॉप्टर जमिनीपासून साठ फुटांवर सलग दहा तास तरंगत ठेवलं. त्यावर इंधन नव्हतं, बॅटरी नव्हती. खालून २.४५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लहरींचा झोत सोडलेला, आणि हेलिकॉप्टरच्या पोटाशी अँटेना आणि डायोड यांची जाळी, चार हजारांवर डायोड असलेली. हीच पहिली गाजलेली रेक्टेना. रेक्टिफायर आणि अँटेना एकत्र. वारंवारता तीच, जी स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनची. त्या ओव्हनचा जन्मही याच कंपनीतला, हा योगायोग नाही. दोन्हींच्या मुळाशी युद्धकाळात रडारसाठी वाढवलेला मॅग्नेट्रॉन आहे. पुढे १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या वाळवंटात मोठ्या थाळीतून दीड किलोमीटरवरच्या रेक्टेनावर झोत रोखून तीसहून अधिक किलोवॉट डीसी मिळवण्यात आले. रेक्टेनावर पडलेल्या शक्तीपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक शक्तीचं डीसीत रूपांतर झालं. आजही हा आकडा ऐकून विद्यार्थी चकित होतात. मात्र तिथे पाठवणाऱ्याला घेणारा कुठे आहे हे ठाऊक होतं, झोत त्याच्यावरच रोखलेला होता आणि शक्तीची कंजुषी नव्हती. आपल्या पुस्तकाच्या विषयात यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही.

कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांत विषयाला जी लोकप्रियता आली ती ‘सभोवतालच्या’ लहरींमुळे. मोबाइल टॉवर, टीव्ही, वायफाय असे सगळे आधीच लहरी सोडत आहेत, त्यातल्या वाया जाणाऱ्या आपण वेचू, ही कल्पना. कल्पनेत चूक नाही, मोजमाप तेवढं करायला हवं. ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये केलं. शहरातल्या भुयारी रेल्वेच्या सगळ्या २७० स्थानकांबाहेर उभं राहून त्यांनी कोणत्या पट्ट्यात किती शक्ती आहे हे मोजलं. ९०० मेगाहर्ट्झच्या जीएसएम टॉवरकडून सरासरी ३६ नॅनोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर, १८०० मेगाहर्ट्झमध्ये ८४, थ्रीजीत १२, डिजिटल टीव्हीत एकाहूनही कमी आणि वायफायमध्ये ०.१८.

आता या आकड्यांचं काय होतं ते पाहू. ९०० मेगाहर्ट्झचा साधा डायपोल अँटेना घ्या, सोळा-सतरा सेंटिमीटर लांबीचा. तो सुमारे १४५ चौरस सेंटिमीटर क्षेत्रातली शक्ती गोळा करतो. ३६ ला १४५ ने गुणलं की सव्वापाच मायक्रोवॉट. इतक्या कमी शक्तीवर रेक्टिफायरची कार्यक्षमता दहा-पंधरा टक्के मिळाली तरी नशीब. हाती उरला अर्धा-पाऊण मायक्रोवॉट. वायफायचा हिशेब केला तर अँटेनावरच जेमतेम चार नॅनोवॉट येतात, रेक्टिफायरपर्यंत जायचीही गरज नाही. सूर्यप्रकाशाशी तुलना करायची तर भर दुपारी एका चौरस सेंटिमीटरवर शंभर मिलिवॉट पडतात. घरातल्या उजेडातही कॅल्क्युलेटरची नखाएवढी सोलर पट्टी आपल्या डायपोलला सहज मागे टाकते. जिथे उजेड आहे तिथे रेडिओ लहरींच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१० च्या जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात एका जुन्या, नामांकित ब्रँडच्या नावाने वायफायवर फोन चार्ज करणारी डबी मांडली होती. बातम्या जगभर झाल्या. डबी बाजारात कधीच आली नाही. घरचा राउटर साधारण १०० मिलिवॉट शक्ती चारी दिशांना सोडतो. ही सगळीच्या सगळी लहर, एक थेंबही न सांडता पकडली तरी आजच्या पाच हजार मिलिअँपिअर-तासाच्या फोनला भरायला आठ दिवस लागतील. आणि आपल्या दहा मायक्रोवॉटवर? दोनशे वर्षं. अजूनही दर पावसाळ्यात कुणीतरी असा फोन चार्जर बनवल्याची चित्रफीत पाठवतं आणि खाली ‘हे तंत्रज्ञान दडपलं जातंय’ अशी टीप असते. दडपायला तिथे काही नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला टॉवरची धास्ती घेतलेली मंडळी आहेत. भारताने २०१२ मध्ये टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती ४५ मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर झाली. आरोग्याचा प्रश्न या पुस्तकाचा नाही आणि त्यावर मत देण्याचा माझा अधिकारही नाही. पण टॉवरमधून फुकट वीज मागणारा आणि टॉवरला घाबरणारा, दोघेही मीटर लावून मोजायला तयार नसतात, एवढं नोंदवतो.

मोजून, जागा हेरून काम केलं तर मात्र फळ मिळतं. २००९ मध्ये सिएटलला इंटेलच्या प्रयोगशाळेतल्या जोशुआ स्मिथ आणि अ‍ॅलनसन सँपल यांनी ४.१ किलोमीटरवरच्या टीव्ही मनोऱ्याकडे साधा टीव्ही अँटेना रोखून ६० मायक्रोवॉट मिळवले आणि त्यावर तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र चालवलं. मनोरा ९६० किलोवॉट विकिरित शक्तीचा होता हे विसरायचं नाही. आयआयटी मुंबईत २०११ च्या सुमारास मोबाइल टॉवरच्या ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी मायक्रोस्ट्रिप अँटेना आणि शॉट्की डायोड यांची जुळणी करून टॉवरजवळ प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. अशा कामाचं मोल ‘किती व्होल्ट आले’ यापेक्षा ‘कुठे, किती अंतरावर, कोणत्या लोडवर आले’ यात असतं. लोड न लावता मोजलेला व्होल्टेज विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत दिमाखाने झळकतो. तो पाहिला की मी पान उलटतो.

डायोडबद्दल दोन शब्द, कारण खरी अडचण तिथे आहे. पन्नास ओहमच्या अँटेनावर दहा मायक्रोवॉट आले तर व्होल्टेज होतो २२ मिलिव्होल्ट. लॅमिंग्टन रोडवर रुपया-दोन रुपयांना मिळणारा १एन४००७ डायोड उघडायलाच अर्ध्या व्होल्टच्या वर मागतो आणि गिगाहर्ट्झच्या वेगाला तो तसाही बहिरा. म्हणून एसएमएस-७६३० सारखे कमी व्होल्टेजला जागे होणारे शॉट्की डायोड वापरतात. तेही इतक्या कमी व्होल्टेजला अर्धवट जागे असतात. या अवस्थेत येणारी शक्ती निम्मी झाली तर मिळणारी डीसी शक्ती पाव होते. म्हणजे आधीच गरिबी आणि त्यावर दंड. उपाय म्हणून मॅचिंग सर्किटने व्होल्टेज उंचावतात, पण मग सर्किट अरुंद पट्ट्यातच चालतं आणि हात जवळ नेला तरी बिथरतं. डायोड-कपॅसिटरच्या पायऱ्या एकावर एक रचूनही व्होल्टेज वाढवता येतो. केंब्रिजला कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ मध्ये अणूचं केंद्रक फोडायला अशाच शिडीने लाखो व्होल्ट उभे केले होते. आपण तिच्याकडून एक-दीड व्होल्टची अपेक्षा करतो आणि तिथेही प्रत्येक पायरी आपला हिस्सा कापून घेते.

या सगळ्याचा अनुभव आपल्या पिढीने नकळत घेतला आहे. २००० नंतरच्या दशकात फूटपाथवर मोबाइलला लटकवायची किंवा मागे चिकटवायची लुकलुकणारी शोभेची वस्तू मिळे. फोन येण्याच्या क्षणभर आधी तिच्यातले दिवे चमकू लागत. काही मॉडेलांत सेल असे, पण पातळ स्टिकरांत नुसता अँटेना, डायोड आणि एलईडी. जीएसएम फोन ठोक्यांत दोन वॉटपर्यंत शक्ती सोडत असे आणि तो सेंटिमीटरभर अंतरावर होता, म्हणून ते जमलं. त्याच ठोक्यांमुळे शेजारच्या रेडिओत ‘टर्र टर्र’ असा आवाज येई. सेकंदाला २१७ ठोके अ‍ॅम्प्लिफायरमधल्या ट्रान्झिस्टरच्या जोडावर डीसीत बदलत आणि कानाला ऐकू येत. थ्रीजी, फोरजी आले, फोनची शक्ती घटली, ठोके गेले. स्टिकर विझलं आणि टर्रटर्रही थांबली.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की विषयात दम नाही. दम आहे, तो खर्चाच्या बाजूला. जास्त पकडण्याला निसर्गाने मर्यादा घातली आहे. कमी खर्च करण्याला मर्यादा अजून लांब आहे. शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन व्होल्टवरून तीन व्होल्टवर आणायला २५० मायक्रोज्यूल लागतात. दहा मायक्रोवॉट सलग येत असतील तर पंचवीस सेकंद. तेवढ्यात एक तापमान मोजून एक छोटा संदेश पाठवता येतो, मग पुन्हा पंचवीस सेकंद थांबायचं. थेंबे थेंबे तळे साचे खरं, पण तळ्याला भोक असतं. साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून एक मायक्रोअँपिअर गळत असेल तर तीन व्होल्टला तीन मायक्रोवॉट, म्हणजे कमाईचा जवळपास तिसरा हिस्सा. त्यावर दहा मेगओहमचा मल्टिमीटर लावून व्होल्टेज वाढतोय का ते बघत बसलं तर एक मायक्रोवॉटच्या आसपास मीटरच खातो. मीटर काढला की सर्किट चालतं आणि लावला की बंद पडतं, हे प्रयोगशाळेत रोज घडतं, आणि ज्याने हिशेब केलेला नाही तो दिवसभर सोल्डरिंग पुन्हा पुन्हा तपासत राहतो.

संगणकाच्या लोकांसाठीही इथे एक वेगळं जग आहे. वीज कधीही जाईल हे गृहीत धरून प्रोग्रॅम लिहायचा, प्रत्येक टप्प्यावर आतापर्यंतचं काम वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत ठेवायचं, आणि पुन्हा जाग आली की तिथूनच पुढे जायचं. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि संदेश पाठवण्याचा खर्च? इथे सगळ्यात सुंदर युक्ती आहे. उपकरणाने स्वतःची लहर सोडायचीच नाही, दुसऱ्याची लहर परतवायची आणि परतवताना अँटेनाची अवस्था बदलून त्यात आपलं म्हणणं मिसळायचं. ही युक्ती गाजली ती हेरगिरीमुळे. १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकी राजदूत अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना लाकडात कोरलेली अमेरिकी राजमुद्रा भेट दिली. ती मॉस्कोतल्या राजदूतांच्या निवासस्थानी टांगली गेली आणि १९५२ पर्यंत तिथे होती. आत लिओ थेरेमिनने बनवलेली धातूची पोकळी, पातळ पडदा आणि छोटा अँटेना. ना सेल, ना वायर. बाहेरून लहर रोखली की खोलीतल्या बोलण्याने पडदा थरथरे आणि परतणाऱ्या लहरीत तो आवाज उमटे. लहर बंद असताना त्यात शोधण्यासारखं काहीच नव्हतं. १९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित शक्तीने संदेशवहन करण्यावर खुला शोधनिबंध लिहिला, आणि फास्टॅगपर्यंतची रेघ तिथून निघते. वॉशिंग्टन विद्यापीठात २०१३ मध्ये टीव्हीच्याच लहरी परतवून दोन बिनसेलची उपकरणं एकमेकांशी बोलली. २०१७ मध्ये तिथेच साडेतीन मायक्रोवॉटवर आवाज नेणारा बिनबॅटरीचा फोन तयार झाला. आवाज जेमतेम कळत होता, आणि जवळ खास बेस स्टेशन लागत होतं. पण साडेतीन मायक्रोवॉट!

शेवटी प्रामाणिक प्रश्न. वजनकाट्यात, गाडीच्या रिमोटमध्ये असतो तो सीआर-२०३२ बटन सेल घ्या. त्यात सुमारे २४०० ज्यूल ऊर्जा असते. दहा मायक्रोवॉट खर्चाचं यंत्र तो साडेसात वर्षं चालवेल. मग अँटेना, डायोड, मॅचिंगचा हा खटाटोप कशाला? प्रत्येक प्रकल्पाने पहिल्या पानावर याचं उत्तर द्यावं. बहुतेकांना देता येत नाही, आणि तिथे सेल लावणं हेच शहाणपणाचं. पण सेल चालत नाही अशा जागा खऱ्या आहेत. कपड्याचं लेबल, ज्याची किंमत सेलपेक्षा कमी असावी लागते. डेकॅथलॉनसारख्या दुकानात टोपलीतले सगळे कपडे एकदम मोजले जातात ते अशाच टॅगमुळे. काँक्रीटच्या पोटात पुरलेला संवेदक, ज्याचा सेल बदलायला खांब फोडावा लागेल. निर्जंतुकीकरणाच्या वाफेतून जाणारी शस्त्रक्रियेची हत्यारं. ग्रंथालयातली पुस्तकं. कानाच्या आत बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, ज्याला त्वचेबाहेरच्या कॉइलमधून चुंबकीय जोडणीने ऊर्जा मिळते. हा जवळच्या अंतराचा निराळा प्रकार, मेट्रोच्या कार्डाच्या जातीचा. त्याला पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. यांतल्या बहुतेक ठिकाणी ऊर्जा मुद्दाम पाठवलेली असते. पुढची दहा वर्षं या विषयाचं भलं मुद्दाम पाठवलेल्या ऊर्जेतच आहे आणि सभोवतालची ऊर्जा ही फार तर जोडधंदा राहील, असं मी मानतो. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपीनेही अशा बिनसेलच्या उपकरणांना नेटवर्कमध्ये घेण्याचं काम सुरू केलं आहे. तिथेही टॉवरने किंवा जवळच्या साधनाने लहर पुरवायची हेच सूत्र आहे.

पुस्तक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि पदरमोड करून सोल्डरिंग आयर्न घेणाऱ्या हौशी लोकांसाठीही. गणित बारावीपलीकडे फारसं जात नाही. प्रत्येक प्रयोगात लोड, अंतर आणि वारंवारता लिहायची जागा सोडली आहे. ती रिकामी ठेवून पुढे जाऊ नये.

पहिल्या प्रकरणाआधी एक काम करा. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. समजा उणे ८५ आहे. ती आली सुमारे तीन पिकोवॉट. फोरजी फोन एका उपवाहकाची शक्ती दाखवतो, तेव्हा पूर्ण पट्ट्यासाठी तिला हजार-बाराशेने गुणा. साधारण चार नॅनोवॉट होतील. हा गुणाकार तुमच्या घरातल्या आकड्याने करा, उत्तर या पानाच्या समासात पेन्सिलने लिहा, आणि पुस्तकातलं कोणतंही सर्किट बांधायला घेण्यापूर्वी ते एकदा वाचा.